एवारिस्तोच्या नावाची एकोणीस वर्षं

चावडीवरचा कर्णा खरखरला तेव्हा फिदेन्सिया फावड्याच्या सैल दांड्यात पाचर ठोकत होती. रविवार होता, आणि रविवार म्हणजे तेकियो. युकुसावी गावात ज्याचं नाव यादीत, त्याने महिन्यातले दोन रविवार गावासाठी फुकट राबायचं. कधी रस्ता, कधी शाळेची भिंत, कधी पाण्याचा पाट. जो राबतो त्याचं रान, त्याचं पाणी, मेल्यावर देवळाची घंटा आणि स्मशानातली सहा फूट जागाही त्याचीच. जो राबत नाही त्याने आपली चटई गुंडाळावी आणि चालू लागावं. कायदा एवढाच होता. तो कुणी लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून त्यातून पळवाट काढायचीही सोय नव्हती.

त्या वर्षी पाऊस लवकर पळाला होता. झऱ्याला करंगळीएवढी धार उरली होती आणि पाट गाळाने बुजला होता. माणसं टोप्या मागे सारून पाटाच्या तोंडाशी उभी राहिली. गावचा कारभारी क्रिसोफोरो वही उघडून नावं वाचू लागला. चष्म्याची एक काडी त्याने दोऱ्याने बांधली होती, त्यामुळे मान वाकडी करूनच त्याला वाचावं लागे.

"एवारिस्तो कोर्तेस!"

फिदेन्सियाचं तोंड सवयीने उघडलं. एकोणीस वर्षं या नावाला तीच ओ देत आली होती. पण तिच्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आत मागून घोगरा आवाज आला, "हजर."

माणसं हसली. "आज एका नावाला दोन गडी!" कुणीतरी म्हणालं.

क्रिसोफोरोने चष्म्यावरून बघितलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त रीतीचा पक्का होता. "फिदे, तुझा भाऊ आलाय आता. घरात बाप्या आला की बाईचं फावडं सुटलं. जा, तव्याकडं जा. भाकरी थापाया हात कमी पडत्यात."

तिने फावडं भावाच्या हातात दिलं. एवारिस्तोने ते दुसऱ्याचं तान्हं मूल घ्यावं तसं घेतलं.

तो येऊन चारच दिवस झाले होते. उत्तरेत तो स्ट्रॉबेरीच्या रानात राबला, मग मजुरांची गाडी चालवू लागला. एका पहाटे पोलिसांनी रस्त्यात गाडी अडवली आणि सात जणांतले बिनकागदाचे चार उचलले, त्यांत तोही. तीन आठवडे कोंडून ठेवून त्याला सरहद्दीच्या पुलावर आणून सोडलं. तिथून तीन दिवस बसने धक्के खात तो दारात उभा राहिला, तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याला आधी ओळखलंच नाही. तिच्या लेखी तो अजून बावीस वर्षांचाच होता. तिकडे बायको येसेनिया आणि दोन पोरी राहिल्या. पोरी तिथल्याच मातीतल्या, कागदपत्रांच्या धनीण. बापाकडे मात्र तिथला कपटासुद्धा नव्हता.

तव्याकडे बायकांनी फिदेन्सियाचं स्वागत केलं ते तोंडभरून.

"आला गं बाई, आपल्यातला बाप्या आला!"

"भाकरी येती का थापाया, का फावड्यानं थापतीस?"

तिला भाकरी येत होती, पण घरातल्या दोघींपुरती. साठ माणसांच्या मक्याच्या भाकऱ्या झरझर थापायचा हात तिला कधी बसलाच नव्हता. इतर पोरीबाळी ज्या वयात चुलीशी शिकल्या, त्या वयात ती बापामागे दगड फोडायला गेली आणि बाप गेल्यावर भावाच्या नावावर. तिच्या भाकऱ्या जाड व्हायच्या, कडेला चिरायच्या. एक पोरगी तिने थापलेली प्रत्येक भाकरी उचलून पुन्हा नीट करून तव्यावर टाकत होती, काही न बोलता. टोमण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

धुराआडून तिचं सगळं लक्ष पाटाकडे होतं. भाऊ चुकीचा राबत होता. गाळ उचलताना गुडघ्यातून न वाकता कमरेतून वाकत होता आणि फावडं पार शेंड्याला धरत होता. दहा वाजेपर्यंत त्याचे तळवे फुटले. अकराला तो पाटाच्या कडेला बसला. बाराला त्याला उलटी झाली.

"उत्तरेकडची हवा न्हाई गा हितं!" मेल्कियादेस ओरडला. त्याच्या तीन व्हॅन तालुक्याला फेऱ्या मारत. त्यामुळे तो काम कमी करायचा आणि बोलायचा जास्त.

फिदेन्सियाने हात परकराला पुसले, उठली, पाटात उतरली आणि भावाच्या हातातून फावडं काढून घेतलं. क्रिसोफोरोने त्याच वेळी बरोबर दुसरीकडे बघितलं. संध्याकाळी वहीत लिहिलं गेलं: एवारिस्तो कोर्तेस, हजर.

रात्री आईने कसलातरी पाला उकळून लेकाच्या तळव्यांना बांधला. "माझ्या लेकराचे हात," ती म्हणत राहिली. लेकीचे हात शेजारीच मक्याची कणसं सोलत होते. ते म्हातारीला दिसत नव्हते असं नाही. दारची चूल दिसते तसेच ते रोज दिसत होते, एवढंच.

"ह्ये तू दर दोन आठवड्यांनी करतीस?" एवारिस्तोने विचारलं.

"कधी कधी दर आठवड्याला. पूल वाहून गेला तवा तर महिनाभर रोज."

"म्या फोनवर नुसतं म्हणलं व्हतं, माझं नाव चालू ठेव."

"मग ठेवलं की."

खरं तर त्याने ते तिकडे गेल्यावर दुसऱ्याच वर्षी म्हटलं होतं, आणि तेव्हा तो परतेपर्यंत आणखी दोन-तीन वर्षांचीच गोष्ट होती. बाईचं नाव यादीत चढत नव्हतं. घरात बाप्याचं नाव असलं की मग तो बाप्या चंद्रावर का असेना, बाईने त्याच्याच नावाने राबायचं. पलीकडच्या गावचा एक सुतार फिदेन्सियाला मागणी घालून गेला होता. ती गेली असती तर नाव पडलं असतं, नाव पडलं असतं तर रान गेलं असतं. सुतार दोन वर्षं थांबला आणि मग त्याने दुसरी केली. फिदेन्सिया त्याबद्दल कधी बोलत नसे. त्याने बनवलेल्या एका स्टुलावर मात्र ती कुणाला बसू देत नसे.

रान म्हणजे झऱ्याखालचा तुकडा. गावातल्या बाकीच्या जमिनी उतारावर, दगडाधोंड्यांत, पण हा तुकडा सपाट, काळा, पाटाच्या पहिल्या पाण्याचा. मका, काळा घेवडा, भोपळा एकाच सरीत यायचे. एवढ्या कोरड्या वर्षातही तिथली कणसं हाताएवढी भरली होती. पुढचे दहा दिवस बहीण-भाऊ तिथे काढणीला गेले. तो पाठीवर टोपली घ्यायचा, पट्टा कपाळाला लावायचा आणि चढावर तीनदा थांबायचा. ती त्याच्यासाठी थांबायची. बोलणं फारसं नव्हतं. एकदा त्याने विचारलं, "ह्यो बांध कुणी घातला?" ती म्हणाली, "म्याच." एकदा विचारलं, "आन् ह्ये भोपळ्याएवढं धोंडं कुणी हलवलं?" त्यावर ती नुसती हसली. त्याने पुढे विचारणं सोडून दिलं.

सूर्य उतरला की तो टेकडीवर जायचा. गावात फोनला रेंज तिथेच मिळे, चिंचोळ्या कड्यावरच्या क्रुसापाशी. खाली आला की जेवायला बसायचा. कधी म्हणायचा, "धाकटीचा दात पडला." कधी म्हणायचा, "थोरली शाळेत जात न्हाई म्हणती. म्हणती, मी गेले आन् इकडं आईला नेलं तर?" येसेनिया दुपारी हॉटेलात भांडी घासायची आणि पहाटे दुसऱ्याच्या घरी. दाराची कडी वाजली की तिघी जणी दिवा मालवून बसायच्या. हे ऐकताना आईच्या हातातली भाकरी तशीच राहायची.

काढणीच्या शेवटच्या दिवशी मेल्कियादेस रानात आला. बुटाला माती लागू नये म्हणून बांधावरूनच बोलला. तो फिदेन्सियाशी बोललाच नाही.

"मग काय ठरलं, एवारिस्तो? सभा रविवारी हाय."

एवारिस्तोने टोपली खाली ठेवली. "सांगतो."

"माझा चुलतभाऊ पंधरा तारखेला माणसं घेऊन निघतोय. चांगली वाट हाय, वाळवंट फकस्त दोन रात्रींचं. त्याचे समदे पैसे मी भरतो. तू सभेत नुसतं हो म्हणायचं." त्याने रानावरून नजर फिरवली. "हितं प्लास्टिकचं घर घालतो. बारमाही टोमॅटो."

तो गेला. फिदेन्सियाने कणसाचं साल ओढलं, पुन्हा ओढलं, मग कणीसच टाकून दिलं.

"माझं रान दिलंस?"

"तुझं?" एवारिस्तो बोलून गेला. बोलल्यावर त्यालाही वाईट वाटलं असणार, पण मागे घेतलं नाही. "आक्का, नाव माझं हाय."

"नाव तुझं! आयत्या बिळावर नागोबा!"

"आन् घर? त्या घरावर स्लॅब कुणी घातला? चौदा वर्षं धाडलं म्या. तिकडं गाड्यांच्या गोदामात चौघं चौघं एका खोलीत झोपलो. आईचे डोळे कुणी करून दिले?"

हे खरं होतं आणि तिलाही माहीत होतं. त्याच स्लॅबखाली ती कोरडी झोपत होती. पण पोटात पेटलेलं माणसाला न्याय सुचू देत नाही.

"घरात तू राहा जन्मभर. घर तुझं. रानाला हात लावू नगंस."

"घर घेऊन काय करू? घराला कोण पुसतंय? मेल्कियादेसला रान पायजे." त्याने हातातलं कणीस टोपलीत टाकलं. "माझ्या पोरी दिवा मालवून बसत्यात, आक्का. दिवा मालवून."

तिने टोपलीचा पट्टा कपाळाला लावला आणि भरलेली टोपली घेऊन चालू लागली. रडायला तिला चढ हवा होता, तिथे माणूस धापा टाकतो की रडतो हे कुणाला कळत नाही.

त्या रविवारी सकाळी तेकियो होता आणि दुपारी सभा. यावेळी स्मशानाच्या कुंपणाचे दगड वाहायचे होते. एवारिस्तोने दिवसभर कुणाला फावडं दिलं नाही. फडक्यात हात गुंडाळून तो दगड उचलत राहिला. लाज वाटली म्हणून असेल, किंवा सभेत बोलायचं तोंड मिळावं म्हणून. तव्यापाशी फिदेन्सिया जाड भाकऱ्या थापत राहिली. आज कुणी हसलं नाही. मेल्कियादेसची बातमी गावभर झाली होती.

सभेला बाप्ये बाकांवर बसले, विधवा आणि एकट्याने घर चालवणाऱ्या बायका मागे भिंतीला. नव्या वर्षाच्या तोपिलांची निवड आधी झाली. तोपिल म्हणजे चावडीचा शिपाई: हातात काठी, गळ्यात शिट्टी, निरोप पोचवायचे, झाडायचं, दारुड्यांना आणि गावकाम चुकवणाऱ्यांना धरून कोठडीत टाकायचं. गावची सगळी चाकरी तिथून सुरू होते, म्हणून ती अठरा वर्षांच्या पोरांच्या वाट्याला येते. पाच पोरांची नावं झाली. सहाव्याचं राहिलं, कारण त्या वयाचं पोर गावात उरलंच नव्हतं. सगळी उत्तरेला.

मग मेल्कियादेस उठला. झऱ्याखालचं रान एवारिस्तो कोर्तेस आपल्या राजीखुशीने त्याच्या नावावर करतोय, गावाची हरकत नसेल तर वहीत घ्यावं, असं म्हणाला.

"हरकत हाय," फिदेन्सिया भिंतीपासून म्हणाली.

"तू कोण?" मेल्कियादेस हसला.

"तिथं राबलेली."

बाकांवर चुळबुळ झाली. क्रिसोफोरोने वही चाळली. "फिदे, वहीत एवारिस्तो लिवलंय. एकोणीस वर्षं, एक दिवस खाडा न्हाई."

"आन् त्यो व्हता कुठं एकोणीस वर्षं? कारभारी, तुम्हीच लिवलंय ते. माझ्याकडं बघून."

कुणीतरी खाली मान घातली. म्हातारा लिब्रादो काठीवर हनुवटी टेकून बसला होता, तो बोलला, "पूल वाहून गेला तवा गळ्याएवढ्या पाण्यात खांब कुणी धरला? एवारिस्तोनं? मला मोतीबिंदू झालाय, पर तवा नव्हता झाला."

"रीत मोडायची का मग?" मेल्कियादेस चिडला. "आज हिचं लिवा, उद्या समद्या बायका येतील."

"येऊ द्यात की. बाप्ये राहिल्यात किती?" लिब्रादो म्हणाला. यावर हसू आलं नाही कुणाला.

क्रिसोफोरो बराच वेळ चष्म्याचा दोरा घट्ट करत बसला. मग म्हणाला, "एका घामाला दोन नावं लागत न्हाईत. ही वर्षं एकतर त्याची, न्हाईतर तिची. त्याची असली तर रान त्याचं आन् त्यानं कुणालाबी द्यावं. तिची असली तर रान तिचं, आन् त्याच्या नावावर गावात काय बी न्हाई. घरात पाव्हणा म्हणून राहायचं." त्याने बाकाकडे बघितलं. "एवारिस्तो, तूच सांग. ही वर्षं कुणाची?"

एवारिस्तो उठला. फिदेन्सियाने तेव्हा कुठल्याही संताचं नाव घेतलं नाही. तिला फक्त वाटलं, आता हा "माझी" म्हणणार, आणि मग उद्यापासून सकाळी उठून कुठे जायचं?

"नाव माझं हाय," तो म्हणाला. हाताच्या फडक्याची गाठ सैल झाली होती, ती दातांनी ओढून घट्ट करायला गेला आणि तसाच राहिला. "म्या दोन रविवार केलं. दोनच." त्याने हात खाली सोडले. "पंधरा तारखेला निघायचं व्हतं मला. थोरलीला सांगितलंबी म्या." त्याने बहिणीकडे बघितलं नाही. "तिची हायेत. तिची लिवा."

आणि तो खाली बसला. मेल्कियादेस काहीतरी पुटपुटत बाहेर गेला. थोड्या वेळाने त्याची व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला.

क्रिसोफोरोने वहीतलं नाव खोडलं आणि वर नवं लिहिलं. सावकाश, कारण बाईचं नाव त्या वहीत लिहायची त्याची पहिलीच वेळ. मग पेनाचं टोक तसंच धरून म्हणाला, "फिदेन्सिया कोर्तेस. नाव आलं की चाकरी आली. तोपिलकी केलीस का तू?"

"म्या कशी करणार?"

"मग एक जानेवारीपासून तू सहावी. वर्षभर."

आता मात्र सभा हसली. शेहेचाळीस वर्षांची बाई, अठरा वर्षांच्या पोरांत शिट्टी फुंकत फिरणार. पाटावरचं राबणं वेगळं, चावडीची चाकरी वेगळी, दोन्हींचे हिशेब वेगळे. एकोणीस वर्षांनी रान राखलं, पण चाकरी पहिल्या पायरीपासूनच. फिदेन्सिया हसणाऱ्यांकडे बघत उभी राहिली. तिला राग यायला हवा होता. पण इतकी दमली होती की रागसुद्धा अर्ध्या वाटेत बसला.

घरी आईने विचारलं, "काय झालं?"

"रान राहिलं," फिदेन्सिया म्हणाली.

"आन् त्यो?"

"त्योबी राहिला."

म्हातारीने हात जोडले. लेक राहिला म्हणून तिला आनंद झाला आणि तो तिने लपवलाही नाही. एवारिस्तोने तोंड धुतलं, बहिणीने वाढलेला घेवडा खाल्ला, ताट विसळून ठेवलं. एक शब्द वावगा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या तर तिनेही चार घातल्या असत्या आणि हिशेब मिटला असता. मग तो म्हणाला, "आक्का, वर चल माझ्याबरोबर."

टेकडी चढताना तो यावेळी कुठे थांबला नाही. क्रुसापाशी वारा होता. खाली झऱ्याखालचं रान दिसत होतं, सोललेल्या चिपाडांनी पिवळं पडलेलं, आणि आज पहिल्यांदा ते तिचं होतं. एवारिस्तोने फोन लावला. तिकडच्या भाषेत काही बोलला, हसल्यासारखं केलं, आणखी काही बोलला. मग त्याचं बोलणं आटलं. पलीकडून बारीक आवाज पुन्हा पुन्हा एकच काहीतरी विचारत होता. त्याने फोन बहिणीच्या हातात दिला.

"मला सांगता येत न्हाई. तू सांग." आणि तो पाच पावलं लांब जाऊन पाठमोरा उकिडवा बसला.

"आत्या?" थोरली होती, डेझी. बारा वर्षांची. आत्याची भाषा ती दगडावरून दगडावर पाय टाकत ओढा ओलांडावा तशी बोलायची. "आत्या, पपा म्हणाले होते पंधरा. आता म्हणतात नाही. का नाही?"

"बाळा..."

"मी चित्र काढलं. धाकटीने दार रंगवलं. पपा येणार म्हणून."

फिदेन्सियाने भावाच्या पाठीकडे बघितलं. पाट उपसून, दगड वाहून ती पाठ दोन आठवड्यांत वाकली होती. तिला वाटलं, सांगावं की पोरी, तुझ्याकडे कागद आहेत, तूच ये, रान आहे, मका आहे. पण पोरीने मका विचारला नव्हता.

मग डेझीने आवाज बारीक केला, कुणी ऐकेल अशी भीती असल्यासारखा. "आत्या, तिकडेपण पोलिसांनी धरलं का पपाला?"

"व्हय," फिदेन्सिया म्हणाली. "धरलंय."

"कोणत्या पोलिसांनी?"

"म्या."

पोरगी खळखळून हसली. आत्या थट्टा करते असं वाटलं तिला. हसत हसतच तिने धाकटीला हाक मारली आणि आत्या पोलीस आहे म्हणून सांगू लागली. मग दोघी हसायला लागल्या. फिदेन्सिया फोन कानाशी धरून उभी राहिली. हसणं थांबलं की डेझी पुन्हा विचारणार होती, का नाही.